वृद्धांची गृहपरिचर्या

वार्धक्य, दीर्घकालीन आजार किंवा अपंगत्व यांमुळे दैनंदिन व्यवहारांत परावलंबी झालेल्या व्यक्तींना त्यांच्या राहत्या घरी पुरविण्यात येणारे साहाय्य व शुश्रूषा म्हणजे गृहपरिचर्या होय. तीत स्थूलमानाने तीन प्रकारची कामे येतात : स्नान, शौच, कपडे बदलणे, भोजन, अंथरुणावरून उठणे-बसणे यांत करावयाची वैयक्तिक मदत, स्वयंपाक, स्वच्छता, बाजारहाट यांसारखे घरकाम, आणि मलमपट्टी, सुई टोचणे, मूत्रनलिकेची देखभाल यांसारखी वैद्यकीय शुश्रूषा. यांपैकी तिसरे काम प्रशिक्षित परिचारिकेचे असते. पहिली दोन अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेल्या मदतनीस व्यक्ती करू शकतात. बहुसंख्य वृद्धांना आपले घर सोडून जाण्याची इच्छा नसते आणि साधारण प्रमाणात परावलंबी असलेल्या व्यक्तीस घरी सांभाळणे हे रुग्णालयात वा वृद्धाश्रमात ठेवण्यापेक्षा बहुधा कमी खर्चाचेही असते. असे असूनही जगातील बहुतेक देशांत ही सेवा आर्थिक दृष्ट्या डळमळीत राहिली आहे. तिचा खर्च कोणी व कसा सोसावा, हा वृद्धकल्याणातील एक कळीचा प्रश्न असून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

पार्श्वभूमी : परंपरेने वृद्धांची शुश्रूषा हे कुटुंबाचे, आणि कुटुंबातही स्त्रियांचे, कर्तव्य मानले गेले. या श्रमाला मोबदला नसल्यामुळे त्याचा खर्च कोणत्याही जमाखर्चात दिसत नसे. घराबाहेरच्या व्यक्तींनी संघटितपणे ही सेवा देण्याची आधुनिक प्रथा इंग्लंडमध्ये सुरू झाली. लिव्हरपूल येथील व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये, आपल्या पत्नीच्या अखेरच्या आजारात तिची सेवा केलेल्या परिचारिकेस गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले. या उपक्रमास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून अशा परिचारिकांच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तथापि या काळात ही सेवा मुख्यतः देणग्यांवर चालत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली, स्त्रिया मोठ्या संख्येने अर्थार्जनासाठी घराबाहेर पडल्या आणि आतापर्यंत अदृश्य असलेला हा खर्च प्रथमच उघडपणे समोर आला.

खर्चाचे स्वरूप : गृहपरिचर्येच्या खर्चात वेतनाचा वाटा फार मोठा असतो. यंत्रसामग्री, इमारत, कच्चा माल हे घटक जवळजवळ नसतातच. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६०–७० च्या दशकात दाखवून दिले, की ज्या सेवांत मानवी श्रम हेच मूळ उत्पादन असते, तेथे उत्पादकता फारशी वाढत नाही. उलट कारखानदारीतील उत्पादकतेबरोबर समाजातील एकूण वेतनमान मात्र वाढत जाते. परिणामी अशा सेवा इतर वस्तूंच्या मानाने सतत महाग होत जातात. वृद्ध व्यक्तीस स्नान घालण्यास पन्नास वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. घाई केल्यास वेळ वाचतो, परंतु सेवेचा दर्जा घसरतो.

दुसरा घटक प्रवासाचा व रिकाम्या वेळेचा होय. मदतनीसाचे सर्व तास प्रत्यक्ष सेवेत जात नाहीत, ही गोष्ट पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका मदतनीस स्त्रीस ताशी १०० रु. प्रमाणे आठ तासांचे ८०० रु. वेतन दिले. तिची रजा, भविष्यनिर्वाह निधी व विमा यांपोटी १२० रु., प्रवासभाडे ६० रु. आणि देखरेख, प्रशिक्षण व कार्यालय यांचा वाटा २२० रु. धरल्यास एका दिवसाचा खर्च १,२०० रु. होतो. आठ तासांपैकी दीड तास प्रवासात व अर्धा तास नोंदी करण्यात गेला, तर विकता येण्याजोगे तास सहाच उरतात आणि ताशी सेवेचा खर्च २०० रु., म्हणजे वेतनाच्या दुप्पट येतो. कुटुंबाला हा फरक नफेखोरीचा वाटतो. वस्तुतः त्यात नफा अद्याप धरलेलाच नाही. सर्व घरे एकाच परिसरात असतील व प्रवासाचा वेळ आणि भाडे निम्म्यावर आले, तर हाच खर्च सु. १७३ रु. होतो. याउलट एखादा वृद्ध अचानक रुग्णालयात दाखल झाल्यामुळे दीड तासाचे काम रद्द झाले, तर तो सु. २६७ रुपयांवर जातो. यावरून असे दिसते, की वेतनदर तोच ठेवूनही केवळ घरांची दाटी व कामाची निश्चितता यांमुळे सेवा तगते किंवा बुडते. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात ही सेवा शहरापेक्षा महाग का पडते, याचेही कारण हेच होय.

तिसरी अडचण मागणीच्या वेळांची असते. उठणे, स्नान व न्याहारी यांसाठी सर्वांना सकाळी सात ते दहा या वेळेत आणि पुन्हा रात्री झोपण्यापूर्वी मदत हवी असते. दुपारी मदतनीस मोकळे राहतात. या मोकळ्या वेळेचे वेतन द्यावयाचे की नाही, या प्रश्नावर सेवासंस्थेचा ताळेबंद व मदतनीसाचा संसार दोन्ही अवलंबून असतात.

करांतून अर्थपुरवठा : खर्च भागविण्याचा एक मार्ग म्हणजे शासनाने करांच्या उत्पन्नातून तो सोसणे. ग्रेट ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सर्वांना विनामूल्य असली, तरी सामाजिक परिचर्या मात्र १९४८ पासून सांपत्तिक स्थिती पाहून देण्यात येते. १९९० च्या कायद्यानुसार (अंमल १९९३) स्थानिक शासनसंस्था स्वतः सेवा देण्याऐवजी ती खाजगी व स्वयंसेवी संस्थांकडून विकत घेऊ लागल्या. निविदा पद्धतीमुळे दर खाली आले. परंतु अनेक ठिकाणी प्रत्यक्ष घरात घालविलेल्या मिनिटांचेच पैसे मिळू लागल्याने प्रवासाचा वेळ बिनपगारी ठरला, भेटी पंधरा मिनिटांच्या झाल्या आणि मदतनीस नोकरी सोडून जाऊ लागले. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा अधिक मालमत्ता असणाऱ्यास शासकीय मदत मिळत नाही आणि ही मर्यादा २०१० पासून वाढविण्यात आलेली नाही. आयुष्यभरात कोणासही ठराविक रकमेपेक्षा अधिक खर्च करावा लागू नये, ही डिलनॉट आयोगाची शिफारस (२०११) २०१४ च्या कायद्यात समाविष्ट झाली. पुढे ८६,००० पौंडांची मर्यादाही ठरली. परंतु अंमलबजावणी वारंवार लांबणीवर पडून २०२४ मध्ये ती योजना रद्द करण्यात आली. स्कॉटलंडने मात्र २००२ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींना वैयक्तिक परिचर्या विनामूल्य केली. करांवर आधारलेल्या व्यवस्थेचा गुण साधेपणा हा असून, शासनाचे अंदाजपत्रक आखडले की सर्वांत आधी हीच सेवा कापली जाते, हा तिचा दोष होय.

सामाजिक विमा : दुसरा मार्ग सक्तीच्या विम्याचा आहे. कोणता मनुष्य वृद्धपणी किती वर्षे अंथरुणास खिळेल, हे आधी सांगता येत नाही. काहींवर ही वेळ येतच नाही. काहींची आयुष्यभराची पुंजी तीत संपते. अशा जोखमीस विमा हाच स्वाभाविक उपाय होय. तथापि तो ऐच्छिक ठेवल्यास ज्यांना गरज पडण्याची शक्यता अधिक तेच त्यात शिरतात, हप्ते वाढत जातात व सुदृढ लोक बाहेर पडतात. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यकायद्यात अशा ऐच्छिक विम्याची तरतूद होती. ती स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही, असे शासनानेच २०११ मध्ये जाहीर केले आणि एकही विमापत्र न देता २०१३ च्या प्रारंभी ती रद्द झाली.

जर्मनीत १९९४ च्या कायद्याने सक्तीचा परिचर्या विमा स्थापन झाला. वर्गणीची वसुली जानेवारी १९९५ पासून, घरगुती परिचर्येचे लाभ एप्रिल १९९५ पासून आणि निवासी संस्थांतील लाभ जुलै १९९६ पासून सुरू झाले. वर्गणी कामगार व मालक समसमान भरतात. मालकांवरील भाराची भरपाई म्हणून सॅक्सनी वगळता सर्व राज्यांनी एक सार्वजनिक सुट्टी रद्द केली, ही घटना बोलकी आहे : नवा हक्क कशाच्या तरी बदल्यात मिळतो, हे तेथील जनतेस प्रारंभीच सांगण्यात आले. लाभार्थी दोन पर्यायांपैकी एक निवडतो किंवा त्यांचे मिश्रण करतो. संस्थेमार्फत सेवा घेतल्यास अधिक रक्कम मिळते. घरच्या माणसाने शुश्रूषा केल्यास तुलनेने कमी, परंतु रोख रक्कम मिळते. २०२५ मध्ये पाच श्रेणींपैकी दुसऱ्या श्रेणीसाठी या रकमा दरमहा अनुक्रमे ७९६ व ३४७ यूरो होत्या. निम्म्याहून अधिक लाभार्थी रोख रक्कमच स्वीकारतात. त्यामुळे विमा निधीचा खर्च कमी राहतो आणि शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीही निधीतून भरली जाते.

ही व्यवस्था टिकून राहिली, त्याची किंमत मात्र वाढत गेली. १९९५ मध्ये १% असलेली वर्गणी २०२५ मध्ये ३.६% झाली, अपत्य नसलेल्यांकडून त्याहून अधिक वसूल केली जाते. परिचर्येची गरज असलेल्यांची संख्या १९९९ मधील सु. २० लाखांवरून २०२३ अखेर सु. ५७ लाखांवर गेली. या वाढीस वार्धक्याबरोबरच २०१७ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सामावून घेण्यासाठी व्यापक केलेली पात्रतेची व्याख्याही कारणीभूत आहे. विमा प्रारंभापासून आंशिकच असल्याने उरलेला खर्च कुटुंबावर पडतो. तो टाळण्यासाठी अनेक कुटुंबे पूर्व यूरोपातून आलेल्या स्त्रियांना घरी ठेवतात. अशा स्त्रियांना सज्ज राहण्याच्या वेळेसह किमान वेतन मिळाले पाहिजे, असा निर्णय जर्मन संघीय श्रमन्यायालयाने २०२१ मध्ये दिला. स्वस्त वाटणारी ही सेवा कोणाच्या तरी न मोजलेल्या तासांवर उभी होती, हे त्यातून उघड झाले.

जपानचा अनुभव : जपानमध्ये १९७३ पासून सत्तरीपुढील व्यक्तींना काही वर्षे वैद्यकीय उपचार विनामूल्य होते. घरी सांभाळण्याची सोय नसलेले वृद्ध त्यामुळे महिनोन्‌महिने रुग्णालयांतच राहू लागले आणि परिचर्येचा भार आरोग्यविम्यावर पडला. यातून मार्ग काढण्यासाठी १९९७ मध्ये परिचर्या विमा कायदा संमत होऊन १ एप्रिल २००० पासून अंमलात आला. चाळिशीपुढील सर्वांना वर्गणी सक्तीची असून विमा चालविण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आहे. लाभार्थ्याचा वाटा वगळता खर्चाचा निम्मा भाग वर्गणीतून व निम्मा केंद्र, प्रांत आणि नगरपालिका यांच्या करांतून येतो. लाभार्थी स्वतः १०% खर्च देतो; अधिक उत्पन्न असलेल्यांसाठी हे प्रमाण २०१५ पासून २०% आणि त्यांतील वरच्या गटासाठी २०१८ पासून ३०% करण्यात आले. व्यक्तीच्या स्थितीची ठराविक प्रश्नावलीने पाहणी व डॉक्टरांचा अभिप्राय यांवरून सात श्रेणींपैकी एक ठरविली जाते. जर्मनीप्रमाणे रोख रक्कम देण्यास तेथील स्त्रीसंघटनांनी विरोध केला. पैसे घरात येतील व सासू-सासऱ्यांची शुश्रूषा सुनेच्याच गळ्यात कायमची पडेल, ही त्यांची भीती होती. म्हणून जपानमध्ये केवळ सेवाच दिली जाते.

या योजनेचा वार्षिक खर्च २००० मधील सु. ३.६ लाख कोटी येनवरून दोन दशकांत ११ लाख कोटींच्या घरात गेला आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींची सरासरी मासिक वर्गणी २,९११ येनवरून ६,२२५ येनवर (२०२४–२६) पोहोचली. सेवांचे दर शासन दर तीन वर्षांनी ठरविते. २०२४ च्या फेरआढाव्यात घरभेटीच्या सेवेचे मूळ दर कमी करण्यात आले. कारण पाहणीत या सेवेचा सरासरी नफा ७.८%, म्हणजे इतर परिचर्या सेवांच्या सरासरीहून बराच अधिक आढळला होता. परंतु ही सरासरी फसवी होती. वृद्धांसाठीच्या निवाससंकुलात एका दारातून दुसऱ्या दारात जाणाऱ्या संस्थांचा नफा मोठा होता. डोंगराळ व विरळ वस्तीत दूरदूरच्या घरांना भेटी देणाऱ्या लहान संस्था आधीच तोट्यात होत्या. त्या वर्षी घरभेटीची सेवा देणाऱ्या संस्थांची दिवाळखोरी विक्रमी झाली. मदतनीसांची टंचाईही तीव्र असून २०२२ मध्ये काम शोधणाऱ्या एका व्यक्तीमागे सु. १५ जागा उपलब्ध होत्या. विम्यामुळे पैशाची तरतूद झाली, तरी दर चुकीचा ठरल्यास सेवा कोसळते, हा जपानच्या अनुभवाचा मथितार्थ होय.

कामाच्या रचनेतील सुधारणा : केवळ अधिक निधी मिळविणे हाच टिकाऊपणाचा मार्ग नव्हे. नेदर्लंड्समध्ये योस द ब्लॉक या परिचारकाने २००६ मध्ये स्थापन केलेल्या ब्यूर्टझोर्ग (शेजार-शुश्रूषा) या संस्थेचे पहिले पथक २००७ मध्ये आल्मेलो येथे चार परिचारिकांनिशी सुरू झाले. जास्तीत जास्त बारा परिचारिकांचे पथक एका परिसराची जबाबदारी घेते. भेटींचे वेळापत्रक, नवीन नेमणुका, डॉक्टरांशी संपर्क हे सर्व पथकच पाहते. मधले अधिकारी नसल्याने व्यवस्थापनाचा खर्च अत्यल्प राहतो. घरे जवळजवळ असल्याने प्रवास कमी होतो. प्रशिक्षित परिचारिकांचा ताशी दर अधिक असूनही, त्या रुग्णास व त्याच्या शेजाऱ्यांना स्वतः काय करता येईल ते शिकवीत असल्यामुळे प्रत्येकी लागणारे तास कमी होतात. डेन्मार्कमधील फ्रेडेरीसिया नगरपालिकेने २००८ पासून हेच तत्त्व वेगळ्या रीतीने राबविले. मदत मागणाऱ्या वृद्धास थेट मदतनीस देण्याऐवजी प्रथम काही आठवडे व्यायाम, साधने व सराव यांद्वारे ती कामे पुन्हा स्वतः करण्यास शिकविले जाते. २०१५ पासून असा प्रयत्न करणे तेथील सर्व नगरपालिकांना कायद्याने बंधनकारक झाले. अर्थात प्रगतिशील आजार किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत या उपायास मर्यादा आहेत.

भारतातील स्थिती : १९९९ च्या राष्ट्रीय धोरणापासून वृद्धकल्याणाकडे भारतात शासनाचे लक्ष वेधले गेले. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्ती सु. १०.४ कोटी (८.६%) होत्या, २०३६ पर्यंत हे प्रमाण सु. १५% होईल, असा अंदाज आहे. तथापि दीर्घकालीन परिचर्येसाठी विमा किंवा सार्वत्रिक शासकीय सेवा भारतात नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ आणि कल्याण यांसंबंधीच्या २००७ च्या कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली व निर्वाहाच्या रकमेस दरमहा कमाल १०,००० रुपयांची मर्यादा घातली. परंतु सेवा देणारी यंत्रणा त्यातून निर्माण झाली नाही. आयुष्मान भारत योजनेचा लाभ २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना देण्यात आला, तो रुग्णालयातील उपचारांपुरताच. खाजगी आरोग्यविमाही मुख्यतः तीव्र आजारातील उपचारांचा खर्च देतो. रोजच्या स्नान-भोजनाच्या मदतीचा नव्हे.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत ही गरज प्रामुख्याने ‘ब्यूरो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाजगी संस्था भागवितात. बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीसाठी ‘मावशी’ वा ‘आया’ पुरविणे हे त्यांचे काम. कुटुंब दरमहा रक्कम देते व त्यातील काही भाग ब्यूरो स्वतःकडे ठेवतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या मिळकतीवर काही घरांत हा खर्च भागतो. परंतु केवळ निवृत्तिवेतनावर किंवा बचतीच्या व्याजावर जगणाऱ्या मध्यमवर्गीय दांपत्यास तो फार काळ झेपत नाही आणि मोलमजुरी करून म्हातारपण गाठलेल्यांच्या तो आवाक्याबाहेरच असतो. दुसऱ्या बाजूस या स्त्रियांना बहुधा लेखी करार, साप्ताहिक सुट्टी वा भविष्यनिर्वाह निधी मिळत नाही. आज इतरांच्या वार्धक्याची काळजी वाहणाऱ्या या स्त्रीच्या स्वतःच्या वार्धक्याची तरतूद या व्यवस्थेत कोठेच नसते. थोड्या तासांची सेवा क्वचितच मिळते. त्यामुळे ज्यांना सकाळची दोन तासांची मदत पुरेशी आहे, त्यांनाही बारा तासांचे पैसे मोजावे लागतात. एकाच गृहसंकुलातील अनेक घरांनी मिळून मदतनीस नेमल्यास हा अपव्यय टळू शकतो. परंतु तशी संघटित पद्धती रुजलेली नाही.

केरळमध्ये वेगळा प्रयोग झाला. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारसेवेतून पुढे, मुख्यतः मलप्पुरम जिल्ह्यात, शेजारसमित्यांचे जाळे उभे राहिले. प्रशिक्षित स्वयंसेवक अंथरुणास खिळलेल्या रुग्णांच्या घरी भेटी देतात आणि खर्चाचा मोठा भाग रहिवाशांच्या लहान लहान देणग्यांतून जमतो. २००८ मध्ये राज्य शासनाने याविषयी धोरण जाहीर केले व त्यानंतर ग्रामपंचायतींच्या निधीतून परिचारिका नेमून घरभेटी देण्याची पद्धत राज्यभर पसरली. ही सेवा रोजच्या मदतीची जागा घेऊ शकत नाही. परंतु स्थानिक शासन, वेतनावरील परिचारिका व स्वयंसेवक यांची सांगड घातल्यास अल्प खर्चात दूरवर पोहोचता येते, हे तिने दाखविले आहे.

मूल्यमापन : विविध देशांच्या अनुभवांवरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, जोखीम सर्वांत वाटून घेणारी सक्तीची वर्गणी किंवा कर यांवाचून ही सेवा केवळ सधनांपुरती राहते. दुसरा, सेवेच्या दरात प्रवास, रजा, प्रशिक्षण व देखरेख यांचा खरा खर्च धरला नाही, तर तूट मदतनीसाच्या वेतनातून वसूल होते आणि अखेर मदतनीसच मिळेनासे होतात. तिसरा, दाट व विरळ वस्तीस एकच दर लावणे अन्यायाचे ठरते. चौथा, लोकसंख्येचे वय वाढेल तसे वर्गणी वाढविणे, लाभ आखडणे किंवा गरज उशिरा उद्‌भवेल असे प्रयत्न करणे, यांपैकी काही ना काही करावेच लागते. हा निर्णय टाळल्यास तो आपोआप कुटुंबातील स्त्रियांवर लादला जातो. त्यांनी सोडलेली नोकरी, गमावलेले वेतन व खालावलेली प्रकृती हाही खर्चच असून तो हिशेबात न धरता एखादी व्यवस्था स्वस्त ठरविणे युक्त होणार नाही.